नवव्या गावाचा निरोप

लोक म्हणतात चांगोला भूत लागलंय. मला काय भूतबित लागलं नाय. मी एका बाईला नदीत उभी करून ठेवली आणि ती सहा वर्षं उभी राहिली, एवढीच गोष्ट हाय. आमच्या उंबरशेतात ही गोष्ट सांगतात ती निम्मी खोटी. म्हणे पाण्यातल्या साती आसरांनी नेलं तिला. आसरांना दुसरा धंदा नाय वाटतं. दोष माझा होता, आणि ज्याचा दोष त्यानं तोंडानं सांगावा, म्हणून सांगतो.

घाटाखालच्या पावरहाऊसात मी बत्तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक भोंग्यावर. आमचं पावरहाऊस पाण्यावरचं. वर घाटमाथ्याला धरण, तिथून डोंगराच्या अंगानं खाली उतरलेले चार मोठे नळ, आणि पायथ्याला चार मशीन. पाणी मशीनमधून गेलं की वीज तारेनं मुंबईला जायची आणि पाणी आमच्या नदीत सुटायचं. त्यांना दिवे, आमाला पाणी. आमच्या गावात दिवा यायला त्यानंतर किती वर्षं लागली तो राग वेगळा, तो आज काढत नाय.

कोरड्या नदीत पाणी एकदम येतं, म्हणून मशीन सुरू करायच्या आधी भोंगा द्यायचा. पावरहाऊसातून सुटलेलं पाणी उंबरशेताला पोचायला पाव तास लागतो. पाव तासात पांगळं माणूससुद्धा काठाला लागेल. तेव्हा भोंगा म्हंजे काय साधी गोष्ट नाय. खाली नऊ गावं त्याच्यावर जगायची.

मी चौपन्न साली लागलो तेव्हा मशीन दिवसरात्र चालायची. मुंबईच्या गिरण्या, ट्रामा, आगगाड्या, निम्मं सगळं घाटातल्या पाण्यावर. नदी बारा महिने भरलेली. मग ट्रॉंबेला कोळशावरची वीज झाली, मग कोयनेची आली, आणि आमची गरज कमी झाली. आमाला सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सहा ते दहा एवढंच काम उरलं, म्हंजे मुंबईला जेव्हा वीज जास्त लागते तेवढ्यापुरतं. तेही दोन मशीनांवर. मधल्या वेळात नदी कोरडी. आमच्याकडं घड्याळं नव्हती असं नाय, पण घड्याळाला कोण विचारतो? सहाचा भोंगा झाला की बाया भात वैरायच्या. दहाला पाणी उतरलं की गुरं पलीकडं न्यायची. सरकारी गाडी चुकेल, पावरहाऊसचं पाणी चुकायचं नाय, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

माझा थोरला भाऊ सखा तिथंच कामाला होता, वरच्या बाजूला नळांच्या झडपांवर. एकसष्ट साली त्याला घोणस चावली. खाली आणेपर्यंत संपला. त्याची बायको सुंदरा, माझी वहिनी, पंचविशीतली, आणि पदरात दोन वर्षांची जया.

सखाची तिरडी उचलली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. मला सोडलं नाय कोणी, बदली माणूस नव्हता. खिडकीतून माणसं चालताना दिसत होती. सकाळचे अकरा वाजले असतील. मी भोंग्याची कडी धरली आणि ओढली. सोडलीच नाय. माणसं स्मशानात पोचेस्तोवर भोंगा चालू. साहेब धावत आले, मला मेमो दिला, आणि दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणाले, "चांगो, कामावरचा माणूस गेला तर इथून पुढं असाच वाजवायचा." चांगला माणूस होता तो साहेब. पुढं बदली झाली त्यांची.

तर ती रीत पडली. सहाचा भोंगा पाण्याचा, अवेळचा भोंगा मयताचा. उंबरशेतातली निम्मी घरं पावरहाऊसात, त्यामुळं अवेळी भोंगा झाला की प्रत्येकीला वाटायचं, आपलाच तर नसेल. मग मी सायकल काढायचो आणि पाव तासात गावात येऊन नाव सांगायचो. तोवर जो जिथं असेल तो तिथं हात जोडून उभा. गावातल्या चिंधी म्हातारीनं एकदा म्हटलं की नाव कळायच्या आत जो हलेल त्याच्या मागोमाग मेलेला घरी येतो. झालं, गावाला तेवढंच हवं होतं. शेतातला माणूस शेतात, पाणवठ्यावरची बाई पाणवठ्यावर, सगळे थांबायचे. चांगो येईल, नाव सांगेल, मग हलायचं. नऊ वर्षांत सात वेळा मी असं नाव घेऊन आलो. खोटं कशाला बोलू, मला त्यात मोठेपणा वाटायचा. मी पायडल मारत यायचो आणि अख्खं गाव माझ्या तोंडाकडं बघत उभं असायचं.

सगळ्यात चोख उभी राहायची ती सुंदरा वहिनी. डोळे मिटून, हात जोडून. तो भोंगा पहिल्यांदा तिच्या नवऱ्यासाठी वाजला होता ना. तिच्याकडं मानाचं म्हणावं असं तेवढंच होतं.

नदीत आमच्या गावासमोर वाळूचं बेट हाय. दोन मशीनांचं पाणी बेटाच्या दोन्ही अंगांनी जायचं, बेट कोरडं राहायचं. सुंदरा वहिनी दिवाळीनंतर तिथं कलिंगडं नि काकड्या लावायची. सकाळचं पाणी उतरलं की पाटी घेऊन बेटावर, संध्याकाळच्या भोंग्याला परत. माल कशेळ्याच्या बाजारात नेऊन विकायची. जयाला तिनं त्या कलिंगडांवर वाढवली. माझ्याकडं कधी हात पसरला नाय तिनं.

मग तारापूरचं आलं. अणूची वीज. एकोणसत्तर साल. आमाला वाटलं, आता आपलं पावरहाऊस बंद. पण सत्तरच्या माघात नव्या साहेबांनी मला बोलावलं आणि वेगळंच सांगितलं.

"चांगो, आता सगळी केंद्रं एका तारेला बांधलीत," ते म्हणाले. "कोळशाचं, अणूचं, पाण्याचं. एक बसलं, बंद पडलं, की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. कोळशाचा बॉयलर थंड झाला तर तापायला दिवस जातो. अणूचं तर विचारू नकोस. आपलं मशीन पाच मिनिटांत चालू होतं. म्हणून यापुढं कुठं काही बसलं की मुंबईहून फोन येणार, आणि आपण लगेच चारही मशीन घ्यायची. दिवस असो, रात्र असो. ठरलेल्या वेळा संपल्या."

मी म्हटलं, "म्हंजे आमी बदली गडी झालो."

ते हसले. मग म्हणाले, "नऊही गावांत जाऊन सांग. कधीही भोंगा झाला तर तो पाण्याचा. नदीतून ताबडतोब बाहेर व्हायचं. चारही मशीन घेतली तर तुमचं बेटही बुडेल, तेही सांग. आणि तो मयताचा भोंगा आजपासून बंद. लोकांचा गोंधळ होईल."

बरोबर बोलत होता माणूस. अक्षर न अक्षर बरोबर. पण माझं डोकं फिरलं. माझ्या भावाचा भोंगा बंद करणारा तू कोण, काल आलेला? तोंडानं "हो साहेब" म्हटलं आणि सायकल काढली. दोन दिवस फिरलो. आठ गावांत देवळासमोर माणसं गोळा करून नीट सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, म्हाताऱ्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. नववं माझंच, उंबरशेत, सगळ्यात जवळचं. तिथं शेवटी गेलो.

वहिनीच्या ओटीवर बसलो. म्हटलं, आधी हिला सांगू, मग गावाला. तिनं कोरा चहा केला. काकडीचं बी सुपात पसरलं होतं, ते निवडत म्हणाली, "भावजी, एक विचारू का? मी काय तुमच्या पावरहाऊसातली कामगार नाय. पण मी गेले तर माझ्यासाठी वाजवाल का हो भोंगा? ह्यांच्यासाठी वाजवला तसा?"

आता ह्या बाईला कुठल्या तोंडानं सांगू, की तो भोंगा बंद झाला? मी म्हटलं, "वाजवीन." चहा प्यायलो आणि उठलो. गावालाही काय सांगितलं नाय. वाटलं, चार दिवसांनी सांगू. साहेबाला समजावू. कुठं रोज रोज काय बसतंय. पावरहाऊसात जाऊन वहीत लिहिलं, नऊ गावांना निरोप दिला, आणि खाली सही केली.

चार दिवसांचा महिना झाला.

चैत्रातली दुपार होती, साडेबारा झाले होते. मुंबईचा फोन आला. कुठलंतरी मोठं केंद्र बसलं होतं, कुठलं ते आमाला कोणी सांगितलं नाय. मुंबईत गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या म्हणे. साहेब कंट्रोल रूममधून ओरडले, "चांगो, भोंगा. चारही घेतोय." मी कडी ओढली. हाताला सवय होती, डोकं दुसरीकडंच होतं. आणि खिडकीतून खाली बघितलं.

भोंग्याची खोली उंचावर हाय. नदी नि रस्ता वळसा घेऊन जातात, पण तिथून सरळ बघितलं तर नदीचं वळण आणि आमचं बेट जवळच दिसतं. बेटावर सुंदरा वहिनी होती. तिनं पाटी खाली ठेवली, हात जोडले आणि उभी राहिली.

मी कडी सोडली आणि पुन्हा ओढली. पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. वाटलं, एवढ्यांदा वाजल्यावर तिला कळेल काहीतरी वेगळं हाय. पण मी जेवढा वाजवायचो तेवढी ती ताठ व्हायची. तिला वाटलं असेल, कोणीतरी मोठा माणूस गेलाय. ती माझी वाट बघत होती. चांगो येईल, नाव सांगेल, मग हलायचं.

मी सायकल घेतली. आयुष्यात तशी सायकल कोणी मारली नसेल. रस्ता नदीच्या कडेनं जातो. पाणी माझ्या बरोबरीनं चाललं होतं. अर्ध्या वाटेपर्यंत मी पुढं होतो. पण भोंग्याशी मी पाच मिनिटं घालवली होती, त्या वाजवण्यात, ती आता कुठून आणणार? वळणावर पाणी पुढं गेलं. मी काठावर पोचलो तेव्हा बेट नव्हतं. काठावरच्या बाया सांगत होत्या, पाण्याचा आवाज आला तशा आमी पळालो, हिला हाका मारल्या, पण ती डोळे मिटून उभीच. पाणी लागल्यावर डोळे उघडले तिनं. मग उपयोग काय?

तिसऱ्या दिवशी खाली आठव्या गावात सापडली. आणि वाजवीन म्हटलं होतं ना मी तिला? शब्द पाळला की मी. तिच्याच मरणाचा भोंगा तिला उभं करून ऐकवला.

चौकशी झाली. वही बघितली, सही बघितली. नऊ गावांना निरोप दिलेला होता. गावातले म्हणाले आमाला कोणी काय सांगितलं नाय, तर चौकशीवाले म्हणाले गावातले असंच म्हणतात. मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांना वाटलं, दुःखानं. त्याच संध्याकाळी मी देवळासमोर गावाला निरोप सांगितला, आणि वहीतली सही गावात कोणी बघितली नव्हती, म्हणून सगळ्यांना वाटलं हा नवीनच निरोप हाय. जयाला घरी आणली. अकरा वर्षांची पोर. माझी बायको अंबूबाई भाकरी थापताना रडायची आणि मला म्हणायची, "तुमी किती करता हो पोरीसाठी." मला ते ऐकवत नसायचं.

पुढचा अवेळचा भोंगा महिन्याभरानं झाला. कडी ओढली, खाली बघितलं, तर बेटावर सुंदरा वहिनी उभी. पाटी खाली, हात जोडलेले. ऊन एवढं की वाळू चमकत होती, त्या उन्हात तिचं हिरवं लुगडं मला स्वच्छ दिसत होतं. पाणी आलं, बेट बुडालं, आणि ती दिसेनाशी झाली. त्यानंतरच्या भोंग्याला पुन्हा तीच. सहाच्या भोंग्याला कधी नाय, फक्त अवेळच्या. मी कडी ओढताना डोळे मिटायला लागलो. पण डोळे मिटले तर जास्तच दिसायचं. ती वाट बघतेय, हे मला कळत होतं. नाव सांगायला कोणी आलं नव्हतं ना तिला.

सहा वर्षं हे मी पोटात ठेवलं. अजूनही ठेवलं असतं, मी काय एवढा धर्मराज नाय. पण जयाला ती दिसली.

जया तेव्हा सतराची. शहात्तर सालचा माघ असेल. अवेळी भोंगा झाला, मी सवयीनं खाली बघितलं, आणि बेटावर दोघी दिसल्या. आई उभी, आणि तिच्या शेजारी, तश्शीच हात जोडून, लेक उभी. पाणी वळणावर दिसलं तरी पोर हलली नाय. अगदी पायाशी आल्यावर निघाली.

संध्याकाळी मी तिच्यावर उखडलो. "मरायचंय का तुला?"

"आई एकटी असते तिथं," जया म्हणाली. जसं कोणी सांगावं, मावशीकडं जाऊन आले. "तिला कोणी काय सांगत नाय, काका. किती दिवस एकटी उभी राहणार?"

त्या वर्षी काय झालं होतं कोण जाणे, आठवड्यातून दोनदा तीनदा फोन यायचा. कुठंतरी काहीतरी बसायचं आणि आमची चार मशीन धावायची. दर भोंग्याला जया नदीत. पहिल्यांदा पाणी पायाशी आल्यावर निघाली, मग गुडघ्याशी, मग कमरेशी. मी घराला कडी घातली, तर कौलं सरकवून गेली. अंबूबाईनं पाय धरले, तर म्हणाली, "काकू, तू काय तिची मुलगी हायस?" भिसेगावचं एक स्थळ आलं होतं, ते हे ऐकून परत गेलं.

एकदा मी भोंगाच वाजवला नाय. फोन आला, मशीन सुरू झाली, मी कडीला हात लावला नाय. म्हटलं, भोंगा नाय तर आई नाय, आई नाय तर पोर जाणार नाय. जया वाचली त्या दिवशी. आठव्या गावातल्या मालोजीची बैलजोडी वाहून गेली, आणि मालोजी एका झाडाच्या मुळीला धरून राहिला म्हणून जगला. त्याला मी स्वतः सांगितलं होतं, कानाशी ओरडून, की भोंगा झाला की बाहेर हो. तो बिचारा भोंग्याची वाट बघत होता.

म्हंजे वाजवला तर जया जाणार, नाय वाजवला तर दुसरं कोणीतरी. अशी माझी इकडं आड तिकडं विहीर झाली. तेव्हा मला कळलं की पोरीला नदीतून काढायचा एकच रस्ता हाय, आणि तो माझ्या तोंडातून जातो. सांगितलं तर ती माझ्या घरात राहणार नाय, हेही कळत होतं. मला मूलबाळ नाय. सहा वर्षं ती मला काका म्हणत होती आणि मी ते खात होतो, चोरून खाल्ल्यासारखं.

चैत्रात आठवडाभराची रजा टाकली. जया मागल्या दारी भांडी घासत होती. मी पायरीवर बसलो आणि सांगितलं. आठ गावं सांगितली. नववं सांगितलं. चहा सांगितला, काकडीचं बी सांगितलं, वहीतली सही सांगितली. तिचे हात राखेतच राहिले.

मग म्हणाली, "आठ गावांना सांगितलंस."

"हो."

"लांबच्या लांब गावांना. नीट."

"हो गं."

"आणि आमाला नाय."

ती उठली, हात धुतले, पुसले. म्हणाली, "मग हे मला कशाला सांगतोस? त्या दिवशी मी नव्हते उभी. तिला सांग. ती बाहेर आल्याशिवाय मीही बाहेर येणार नाय, हे तुला आताच सांगून ठेवते."

त्याच आठवड्यात दुपारी भोंगा झाला. माझी रजा चालू होती, भोंग्यावर माझ्या जागी नागू नावाचा गडी होता. जया पाण्याचा हंडा तिथंच ठेवून निघाली. मी तिच्या मागून गेलो. बेटावर मी सहा वर्षांत पाय ठेवला नव्हता. वाळू एवढी तापली होती की चपलेतून चटके बसत होते. भोंगा थांबला आणि सगळीकडं गप्प झालं. पलीकडं कोणी कपडे धूत होतं ते काठावर गेलेलं दिसलं. माझ्या मनात हिशोब चालू होता, पाव तास, त्यातली चार मिनिटं आमाला यायला लागली.

सुंदरा वहिनी उभी होती. वरून दिसायची तशी नाय, अगदी तीन हातांवर. कपाळावर घाम होता. पदराला वाळू लागली होती. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि तिचं वय तिथंच थांबलेलं, पस्तिशीतली दिसत होती. जया तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघू लागली. मायलेकी किती सारख्या दिसत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

मला वाटायचं, माफी मागावी लागेल. पाया पडावं लागेल. काय काय जुळवून आणलं होतं मनात, सगळं गेलं. नदीच्या वरच्या अंगानं वाऱ्यासारखा आवाज यायला लागला. तो वारा नव्हता. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मला तो आवाज कोणी शिकवायला नको.

वहिनीनं डोळे उघडले नाय. तश्शीच हात जोडून म्हणाली, "आलात, भावजी? कोण गेलं?"

सात वेळा मी ह्या गावाला नाव सांगितलं होतं. आताही माझ्या जिभेवर नावच आलं. तिचंच. पण मला त्या ओटीवरचा निरोप द्यायचा होता, तो मी अजून तिला दिलाच नव्हता. मी म्हटलं, "कोणी गेलं नाय, वहिनी. मयताचा भोंगा बंद झाला. आता कधीही भोंगा झाला तर तो पाण्याचा. नदीतून बाहेर व्हायचं. चला, पाणी येतंय."

तिनं डोळे उघडले. हात सोडले. माझ्यावर रागावली असती तर मला सोसलं असतं. पण बाजारातून मीठ आणायला विसरलेल्या माणसाकडं बघावं, तसं बघितलं तिनं माझ्याकडं.

"मग आधी नाय का सांगायचं?" ती म्हणाली. पाटी उचलली, डोक्यावर घेतली आणि काठाकडं चालू लागली. घाईनं नाय, रोज संध्याकाळी जायची तशी. तिच्या मागून जया. मी दोघींच्या मागून.

मी काठावर चढलो तेव्हा पाणी बेटावरून चाललं होतं. काठावर जया एकटीच होती. ती पाण्याकडं बघत नव्हती. माझ्याकडंच बघत होती, डोळे कोरडे.

"एवढंच सांगायचं होतं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "एवढंच."